सगळ्या बदला

माझे सासरे कुठलीच वस्तू एक आणत नाहीत. दोन आणतात. एक वरच्या मजल्यावर थोरल्या मुलाकडे, एक खाली आमच्याकडे. छत्री असो, इस्त्री असो, भिंतीवरचं घड्याळ असो. रंगसुद्धा तोच, नाहीतर रंगावरून कुणाच्या तरी मनात काहीतरी यायचं. स्वतः सकाळी वर जेवतात, संध्याकाळी खाली, आणि रविवारी दुपारी कुठे जेवले ते डायरीत लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या रविवारी घोळ नको. माझी मुलगी झाली तेव्हा त्यांनी हातात मावेल असा व्हिडिओ कॅमेरा आणला. अर्थात दोन. जाऊबाईंची मुलगी तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. "बाळ हिला झालं म्हणून त्या पोरीने काय घोडं मारलंय?" असं म्हणत त्यांनी दुसरा कॅमेरा वर नेऊन दिला.

पुढचं सगळं त्या दोन सारख्या कॅमेऱ्यांमुळे झालं असं म्हणून मी बरेच दिवस स्वतःला समजावून पाहिलं. पण कॅमेऱ्यांनी काही केलं नाही. केलं ते माझ्या उजव्या हाताच्या बोटाने.

वरच्या मुलीला सासरे ‘रेडिओ’ म्हणायचे. सकाळी डोळे उघडले की स्टेशन सुरू, झोपेतही अधूनमधून खरखर. माझ्या मुलीला ते ‘ठकी’ म्हणतात, कारण लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी तासन्‌तास टक लावून बसायची. आता ठकी पावणेतीन वर्षांची आहे आणि रेडिओ साडेपाचची. गेल्या वर्षी केव्हातरी रेडिओ बोलताना अडखळायला लागली. शब्दाचं पहिलं अक्षर ओठाशी येऊन तिथेच आपटत राहायचं. ती डोळे मिटायची, हनुवटी पुढे काढायची आणि मग कधी शब्द बाहेर पडायचा, कधी ती तो सोडूनच द्यायची. घरात कुणी ठरवलं नाही, पण तिला रेडिओ म्हणणं बंद झालं. मी इथे लिहिते आहे तेवढंच. तोंडाने म्हणत नाही.

आता डब्याविषयी. डबा म्हणजे आमचा घरगुती सर्व्हर. घरातल्या सगळ्या क्लिपा, फोटो, सिनेमे एका जागी ठेवायचे आणि वरच्या-खालच्या कुठल्याही टीव्हीवर, फोनवर बघायचे, यासाठी मी जोडलेला कॉम्प्युटर. नवरा त्याला पहिल्या दिवसापासून डबा म्हणाला आणि तेच नाव पडलं. मी या विद्येतली मुळीच नाही. ठकी व्हायच्या आधी मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात दाखल नोंदवहीचं काम करायची. नवं पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा, नोंद करायची. नोकरी सोडल्यावर तीन वर्षांत मला कुणी "हे तूच कर, तुलाच जमेल" असं म्हणालं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरून गेलं होतं आणि रेडिओच्या शाळेचा कार्यक्रम जवळ आला होता.

"धाकटे, माझं कार्ड कुठेतरी उतरवून रिकामं करून दे बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू शिकलेली, तू बघ."

जाऊबाईही शिकलेल्याच आहेत. पण त्यांनी तसं म्हटलं आणि मी हुरळले.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो हार्ड डिस्कला कान लावून तिची तब्येत सांगतो. बंद पडलेल्या एका ऑफिसातला जुना कॉम्प्युटर त्याच्याकडे होता. "नवं घेण्याच्या भानगडीत पडू नका," तो म्हणाला. "हे म्हातारं आहे, पण काटक आहे. फक्त डिस्क नव्या टाका. आणि वहिनी, काही अडलं तर या. यूट्यूबवर जाऊ नका, तिथे सगळं पाच मिनिटांत होतं."

मला तीन दिवस लागले. ठकी दुपारी झोपली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते म्हातारं उघडून बसायची. रंगाच्या ब्रशने आतली धूळ काढली. ठकीच्या जेवणाच्या वाटीत स्क्रू ठेवले, मोजून. अकरा. परत मोजले तेव्हा दहा. ठकी नुकतीच उठून टेबलाखाली आली होती. मी तिचं तोंड तीनदा उघडून बघितलं, जिभेखाली बोट घातलं, ती रडून लाल झाली, आणि अकरावा स्क्रू माझ्याच हातातल्या पेचकसाच्या टोकाला चिकटलेला सापडला. पहिल्यांदा डबा चालू केला तर डिस्क दिसेनात. मी रडकुंडीला आले. नवरा वाकून म्हणाला, "ही वायर लोंबतेय ती शोभेची का?" एक केबल लावायचीच राहिली होती.

दोन्ही डिस्क मी ‘आरसा’ पद्धतीने जोडल्या. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवर. एक डिस्क मेली तरी दुसरी असते. सासऱ्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तूसुद्धा दोन आणल्यास! शाब्बास, सूनबाई."

मग फोल्डर. मी दोन करायला घेतले होते: ‘वर’ आणि ‘खाली’. सासरे मागे उभे होते. त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

"हे काय? डब्यातसुद्धा वाटणी?"

"वाटणी नाही बाबा, नुसती सोय. कुणाचं काय ते कळावं म्हणून."

"कळायचंय काय त्यात? नाती माझ्याच आहेत दोन्ही. घर एक, फोल्डर एक."

मला माहीत होतं की हे चूक आहे. ग्रंथालयात काम केलेल्या बाईला हे माहीत नसेल तर कुणाला असणार? पण ते खूश होते, मीही खूश होते, आणि वाद घालायचा कंटाळा आला. मी एकच फोल्डर केला. त्याला नाव दिलं ‘घर’.

पहिल्या दिवशी जाऊबाईंचं कार्ड उतरवलं. सहाशे बारा क्लिपा. रेडिओचं पावणेतीन ते चार वर्षांचं सगळं वय त्या कार्डात होतं. डब्याने संध्याकाळपर्यंत प्रत्येक क्लिपचं एक छोटं चित्र काढून टीव्हीवर रांगा लावल्या. टपालाच्या तिकिटाएवढी चित्रं, पुस्तकाच्या मुखपृष्ठासारखी. जाऊबाई, भाऊजी, सासरे सगळे बघत बसले. रेडिओ निळ्या बादलीत बसलेली. रेडिओ शेजारच्या मांजरीपुढे बोट नाचवत उभी. उघडून कुणी बघितलं नाही. नुसत्या रांगा सरकवण्यातच सगळ्यांना एवढा आनंद.

दुसऱ्या दिवशी माझं कार्ड. निम्म्यावर आलं असेल आणि ठकीने भिंतीतली पिन उपटली. उतरवणं अर्धवट तुटलं. मी तिला कडेवर घेतलं, पुन्हा जोडलं, पुन्हा सुरू केलं. पडद्यावर प्रश्न आला: या नावाच्या फायली आधीपासून आहेत. सोडून द्यायच्या, की बदलायच्या?

खरं तर हा प्रश्न पिन उपटायच्या आधीच्या खेपेलाही आला होता. तेव्हा मी ठकीला भरवत होते. न वाचता काय दाबलं ते आजही आठवत नाही. या खेपेला वाचलं. आधीपासून आहेत? असणारच, आत्ताच तर अर्ध्या गेल्या. ठकी खांद्यावर रडत होती. मी ‘सगळ्या बदला’ दाबलं.

दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीचे आणलेले. दोघांनीही पहिल्या क्लिपला एक नंबर दिला, दुसरीला दोन. जाऊबाईंच्या सहाशे बारा होत्या, माझ्या नऊशेच्या वर. ग्रंथालयात मी एकाच दाखल क्रमांकावर दोन पुस्तकं चढवली असती तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला. निदान तिथे पहिलं पुस्तक कपाटात शिल्लक तरी राहिलं असतं.

पण हे मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी जाऊबाईंचं कार्ड रिकामं करून, पुसून, प्लास्टिकच्या डबीत घालून मी त्यांना नेऊन दिलं. "घ्या ताई, नवं कोरं." ठकीची सुरुवातीची चित्रं टीव्हीवर दिसत नव्हती हे माझ्या लक्षात आलं होतं. खाली कुठेतरी असतील म्हटलं. पोरीचा नुसता सूर बदलला तरी मला कळतो, लांबून पाऊल वाजलं तरी कोण ते कळतं, आणि हे एवढं डोळ्यांसमोर होतं.

शाळेच्या कार्यक्रमात रेडिओला एकच वाक्य होतं. ती झाडाच्या वेषात पुढे आली आणि पहिल्याच अक्षरावर थांबली. सगळं सभागृह तिच्यासाठी थांबलं, आणि त्यानेच ती आणखी थांबली. जाऊबाईंच्या हातातला कॅमेरा चालूच होता. बंद करायचं त्यांना सुचलंच नाही. पुढचे दोन तास, सगळा कार्यक्रम, त्या नव्या कोऱ्या कार्डावर उतरला.

त्यानंतर आठवड्याभरात त्या तिला स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेल्या. परत आल्या त्या थेट आमच्याकडे, पायातल्या चपलांसकट दारात.

"अगं, त्या बाई म्हणाल्या, आधीचं बोलणं ऐकायला मिळालं तर फार बरं. तीन-साडेतीन वर्षांची असतानाचं. कधीपासून सुरू झालं, कशावर अडते, ते त्यांना कळेल. मी म्हटलं, आमच्या धाकटीने डबा केलाय, त्यात आहे सगळं. आहे ना गं?"

"आहे की," मी म्हणाले.

आम्ही टीव्ही लावला. रांगा आल्या. बादली, मांजर, तीनचाकी सायकल. जाऊबाईंनी छातीवर हात ठेवला. "बघ. कुठलंही काढलंस तरी तोंड उघडंच आहे कार्टीचं. पुढच्या शनिवारी जायचंय. त्याआधी पाच-सहा क्लिपा काढून ठेव. बोलतेय अशा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ठकी झोपल्यावर, मी बादलीच्या चित्रावर बोट ठेवलं. क्लिप उघडली. आत माझी ठकी झोपली होती. महिन्याभराची, दुपट्यात, मुठी मिटून.

मी चुकून दुसरं दाबलं असेल म्हणून परत गेले. मांजर उघडली: ठकी झोपलेली, कुशीवर. सायकल उघडली: ठकी जांभई देताना. बाहेरचं चित्र रेडिओचं आणि आत माझी मुलगी, रांगेने. नावं तीच म्हणून डब्याने पहिल्या दिवशी काढलेली चित्रं तशीच ठेवली होती. सहाशे बारा मुखपृष्ठं वरच्या मजल्याची होती आणि पुस्तकं सगळी खालची. दुसरी डिस्क काढून बघितली. आरशाने आपलं काम चोख केलं होतं. माझी चूक त्याने जशीच्या तशी, त्याच क्षणी, दुसरीकडे उतरवून ठेवली होती.

मी वर जाऊन म्हणाले, "ताई, ते कार्ड जरा द्या ना, एकदा तपासून ठेवते." पहिलं खोटं. त्यांनी लगेच दिलं. मी ठकीला सासऱ्यांपाशी ठेवून डॉक्टरकडे पळाले. त्याने कार्ड लावलं, बराच वेळ खटखट करत राहिला.

"वहिनी, पुसल्यावर ह्या कार्डावर नवीन काय चढवलंय?"

"शाळेचा कार्यक्रम. दोन तास."

"हां. मग झाडं सापडतात नुसती." त्याने पडदा माझ्याकडे वळवला. हिरवे कागद डोक्याला बांधलेली मुलं. "खालचं दबून गेलं. आणि डब्यातलं तर बोलायलाच नको, तिथे दोन-दोनदा पुसलंत. एक विचारू? कुणाचं होतं?"

"माझ्या जावेचं," मी म्हणाले, आणि त्याने कार्ड डबीत घालून दोन्ही हातांनी परत दिलं.

घरी आल्यावर जाऊबाईंनी जिन्यातून विचारलं, "झालं का गं?" मी म्हणाले, "डबा अपडेट होतोय ताई, वेळ लागतोय." दुसरं खोटं. मग ते रोजचंच झालं. सोमवारी अपडेट होत होता, मंगळवारीही अपडेट होत होता.

नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. हातातलं ताट त्याने दोनदा पुसलं.

"वहिनींना सांग, डिस्क गेली."

"गेली नाहीये."

"अगं, त्यांना काय कळणार आहे? मशीन आहे, जातं कधीकधी. डबा काही वर जाऊन साक्ष देणार नाही."

"आणि दोन डिस्क कशाला लावल्या म्हणून बाबांनी विचारलं तर?"

"दोन्ही गेल्या म्हण." मग तोच ओशाळला. "नाही, ते जरा जास्तच होतं."

पण मी त्यावर विचार केला, हे इथे लिहायलाच हवं. बुधवारची सगळी सकाळ केला. कुठली केबल काढली की डबा मेल्यासारखा दिसेल, तेही मला आता माहीत होतं.

दुपारी दुसरं काही सुचेना म्हणून माझ्या क्लिपा पहिल्या नंबरपासून ऐकायला बसले. ऐकायला, कारण बघण्यासारखं त्यांत काही नव्हतं. पहिल्या वर्षी मी ठकीला झोपेतच टिपत असे. तिचा श्वास चालू आहे ना, या भीतीने मला काही सुचत नसे. कॅमेरा धरला की छाती वरखाली होताना मोठी दिसायची. त्या क्लिपा मी पुन्हा कधी लावल्या नव्हत्या. तेव्हाची भीती परत नको होती.

अकराव्या क्लिपमध्ये, चित्राबाहेरून कुठून तरी, आवाज आला.

"काकू, हिला पाय आहेत का गं? दाखव ना. मला दहा बोटं आहेत. आजोबांनी हिलापण दहा दिली?"

घडाघडा. एकही अक्षर कुठे अडलं नाही. रेडिओ माझ्या शेजारी, पलंगाला टेकून उभी असणार. तेव्हा ती दिवसभर खालीच असायची. आणि तिच्यामागोमाग, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, दुसरा आवाज. दबका, चिडलेला.

"शू! गप गं. शूटिंग चालू आहे."

तो माझा आवाज होता.

मी सगळ्या ऐकल्या. बुधवार, गुरुवार दोन दुपारी गेल्या. रेडिओचा आवाज सत्तावीस क्लिपांत सापडला. पंखा कसा फिरतो, ठकीला दात का नाहीत, मांजर रविवारी कुठे जेवते. सत्तावीसपैकी एकोणीस ठिकाणी मी तिला गप केलं होतं. "गप." "नंतर." "मध्ये बोलू नकोस." "किती बोलतेस गं!" मी कधी तिच्यावर हात उगारला नाही, तिला उपाशी ठेवलं नाही, घरात कुणी मला वाईट काकू म्हणणार नाही. पण हे एकोणीस वेळा होतं, आणि तेही फक्त कॅमेरा चालू असतानाचं. कॅमेरा बंद असताना मी काय काय म्हणाले असेन त्याची नोंद कुठेच नाही.

क्लिप कापायला डब्यात कात्रीचं चिन्ह आहे. थेरपिस्टला मुलीचं बोलणं हवंय, माझं कशाला, असं म्हणून मी अकराव्या क्लिपमधून स्वतःला कापलं. लावून बघितलं. "आजोबांनी हिलापण द—" आणि शांतता. माझं ‘शू’ तिच्या शेवटच्या शब्दांवरच चढलेलं होतं. ते काढलं की तिचं वाक्य मध्येच तुटत होतं. अगदी आत्ता तुटतं तसं. मी कापलेलं परत जोडलं.

शुक्रवारी दुपारी लॅपटॉप घेऊन वर गेले. ठकी सासऱ्यांजवळ. जाऊबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"झाला का एकदाचा अपडेट?"

"ताई, तुमच्या क्लिपा गेल्या."

"गेल्या म्हणजे? डबा बिघडला?"

त्यांनीच वाट करून दिली होती. फक्त हो म्हणायचं होतं.

"डबा चांगला आहे. मी पुसल्या. दोन्ही कॅमेऱ्यांचे नंबर सारखे होते, मी ठकीच्या क्लिपा तुमच्या क्लिपांवर चढवल्या. कार्ड आधीच रिकामं करून दिलं होतं."

त्यांच्या हातात रेडिओचा फ्रॉक होता. त्यांनी त्याची घडी पूर्ण केली.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मांजरीवर ओरडते ती?"

"हो."

"बादलीतली?"

"चित्र आहे. एवढंसं." मी दोन बोटांत दाखवलं. "आवाज नाही."

"तुला केव्हा कळलं?"

"शनिवारी."

"आणि आज शुक्रवार." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "रोज जिन्यातून विचारत होते मी. ह्यांना म्हणत होते, धाकटी बिचारी किती मन लावून करतेय."

मला म्हणायचं होतं की मला माफ करा. ते एवढं लहान वाटलं की तोंडातून निघेना. मी लॅपटॉप उघडला. "हिचा आवाज माझ्या क्लिपांत सापडलाय. मागे बोलतेय. सत्तावीस आहेत. पण त्यांत..."

"लाव."

मी अकरावी लावली. पडद्यावर ठकी झोपलेली. "काकू, हिला पाय आहेत का गं?" जाऊबाईंनी ओठ दाबून धरले. मग माझा आवाज आला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, रागाने नव्हे. जिन्यात अनोळखी माणूस भेटल्यावर बघतो तसं. मी लॅपटॉपवरची बोटं काढून घेतली.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

आतल्या खोलीतून रेडिओ आली. स्वतःचाच आवाज ऐकून आली होती. खुर्चीला धरून उभी राहिली. "ही क-क-क..." हनुवटी पुढे आली, डोळे मिटले.

"तूच," जाऊबाई म्हणाल्या. "लहानपणची."

मी परत लावली. या वेळी रेडिओ हसली, आणि तिसऱ्यांदा लावल्यावर ती त्या आवाजाबरोबर बोलायला लागली. "मला दहा बोटं आहेत. आजोबांनी हिलापण दहा दिली?" दोघी एकदम, एका सुरात, धाकटी रेडिओ आणि थोरली. एकही अक्षर अडलं नाही. जाऊबाई अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मग ‘शू! गप गं’ आलं, आणि रेडिओने ओठावर बोट ठेवलं. खेळ म्हणून. तो भाग तिला आठवत असावा. किंवा कुणी गप म्हटलं की काय करायचं ते तिला माहीत होतं. मी खाली बघितलं. घडी घातलेल्या कपड्यांत ठकीचं एक झबलं होतं. आमच्या दोरीवरून त्यांनी वर आणलेलं.

त्या दिवशी जाऊबाई मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. सत्तावीस क्लिपा मी पेन ड्राइव्हमध्ये घालून टेबलावर ठेवल्या.

शनिवारी दुपारी थेरपिस्टकडून परत आल्यावर त्या आमच्या दारात थांबल्या. आत आल्या नाहीत.

"बाईंनी बराच वेळ ऐकलं. उपयोगाच्या आहेत म्हणाल्या. त्याबरोबर बोलते ते पण दाखवलं मी. तसं होतं म्हणे, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवला की सुटतं. लगेच बरं झालं असं समजायचं नाही, पण त्यावरून काम करता येतं." मग त्या म्हणाल्या, "आणि कुणी गप म्हटल्याने असं होत नसतं, असंही म्हणाल्या."

"मी काही विचारलं नव्हतं, ताई."

"मी विचारलं," जाऊबाई म्हणाल्या.

मी दाराची कडी धरून उभी राहिले. त्या वळल्या, दोन पायऱ्या चढल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "ते डब्यात... माझा फोल्डर वेगळा कर. बाबांना मी सांगते."

सासऱ्यांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या संध्याकाळी ते खाली जेवायला आले. ताटावरून उठताना म्हणाले, "सूनबाई, कॅमेरे वेगळे आणायला हवे होते." मी म्हणाले, "नाही बाबा." मी त्यांचं ताट उचललं.

रविवारी दुपारी ठकी झोपल्यावर मी डबा उघडला आणि फोल्डर केले: ‘वर’, ‘खाली’. रेडिओची ती टपालाच्या तिकिटाएवढी सहाशे बारा चित्रं डब्याच्या पोटातून शोधून ‘वर’मध्ये ठेवली. नव्याने येईल त्या प्रत्येक फाइलच्या नावाआधी कॅमेरा कुणाचा ते लागेल अशी सोय केली. एवढं सगळं एका दुपारचं काम होतं. पहिल्याच दिवशी झालं असतं.

त्या सत्तावीस क्लिपांचं मात्र बराच वेळ ठरेना. कॅमेरा माझा, चित्र ठकीचं, बोलणं रेडिओचं. शेवटी दोन्हीकडे एकेक प्रत ठेवली आणि ग्रंथालयात करत असे तशी प्रत्येकीची नोंद लिहायला बसले. विषय, वय, शेरा. पहिलीला अर्धा तास लागला. ती अशी आहे:

दाखल क्रमांक १. रेडिओ बोलते आहे. वय दोन वर्षे दहा महिने. मध्ये थांबवणारा आवाज: काकू.